शाळेच्या लायब्ररीची ओळख : पस्तीस मिनिटं, कुलूपबंद कपाटं आणि एक भारी मॅडम

आधीच सांगते, शाळेचं नाव लिहिणार नाही. लेक अजून दोन वर्षं तिथेच शिकणार आहे आणि मला पालकसभेत तोंड दाखवायचंय. साताऱ्यातली शाळा आहे एवढं पुरे. पण रिव्ह्यू मात्र खराखुरा लिहिणारे, कारण हॉटेलातल्या मिसळीवर आपण दोन-दोन पानं लिहितो आणि शाळेच्या लायब्ररीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

तर झालं असं की शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला, नववीच्या मुलांसाठी 'ग्रंथालय ओळख व संदर्भसाधने' असा कार्यक्रम आहे, इच्छुक पालकांनीही यावे. इच्छुक पालक किती आले असतील? चार. त्यातल्या एक ताई फी भरायला आल्या होत्या आणि पाऊस लागला म्हणून आत बसल्या. मी गेले कारण लेकीचा जलसुरक्षा ह्या शाळेतल्या विषयाचा प्रकल्प होता, त्यासाठी तिने घेतली होती साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर, आणि तिने आदल्या रात्रीच फोनवरून कॉपी-पेस्ट करून चार पानं 'तयार' केली होती. म्हणलं बघू तरी लायब्ररीत काय वेगळं मिळतंय.

आधी वाईट ते सांगून टाकते. वेळ होता एक पिरियड, म्हणजे पस्तीस मिनिटं, त्यातली सात-आठ मिनिटं मुलांना चपला काढून रांगेत बसवण्यात गेली. एका वर्गातली बासष्ट मुलं आणि टेबलं सहा. निम्मी मुलं मागं उभीच, त्यांना ग्रंथपाल मॅडमचा आवाजसुद्धा येत नव्हता, ती खिडकीतून ग्राउंडवरचा कबड्डीचा सराव बघत होती आणि खरं सांगते त्यांचं काही चुकलं नाही. कम्प्युटर दोन, त्यातला एक सुरू होत नाही, दुसरा सुरू होतो पण नेट हेडमास्तरांच्या ऑफिसातून येतं, ते आलं तर आलं.

आणि कपाटं. सगळी लोखंडी, सगळ्यांना कुलूप. चाव्यांचा जुडगा मॅडमच्या कमरेला. त्यातल्या एका कपाटावर रंगनाथनांचे पाच नियम सुंदर अक्षरात लिहून लॅमिनेट करून चिकटवलेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एस. आर. रंगनाथन म्हणजे आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे बापमाणूस, त्यांनी १९३१ साली हे पाच नियम पुस्तकातून मांडले आणि त्यांचा वाढदिवस, १२ ऑगस्ट, ग्रंथपाल दिन म्हणून करतात. तर पहिला नियम आहे 'ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत'. आणि हा नियम बरोब्बर कुलपाच्या वर. मी फोटो काढला, पण टाकत नाही, शाळा ओळखू येईल.

मॅडमना मी नंतर विचारलं कुलपाचं. त्या म्हणाल्या, "ताई, पुस्तक हरवलं तर दाखल रजिस्टरला माझी सही आहे, ऑडिटला मी उभी राहते." म्हणजे वापरलं नाही तर कुणी विचारत नाही, पण हरवलं तर ग्रंथपालाची मान. आता अशी सिस्टीम असल्यावर कुलूप लागणारच ना. शिवाय त्या अर्धवेळ आहेत, मधल्या सुट्टीनंतर घरी जातात, म्हणजे दुपारच्या सत्राच्या मुलांना लायब्ररी हे फक्त एक बंद दार आहे. ह्याचा राग मॅडमवर नाही, शाळेवर आहे.

आता चांगलं, आणि ते एवढं चांगलं आहे की मी आल्यापासून चार जणींना सांगितलंय.

मॅडमनी सुरुवात भाषणाने केलीच नाही. 'वाचाल तर वाचाल' वगैरे काही नाही, देवा थँक्यू. त्यांनी एक पुस्तक वर धरलं, पाठीवरची पिवळी पडलेली चिठ्ठी दाखवली आणि विचारलं ह्यावर ८९१.४६ लिहिलंय, हे काय आहे. माझी लेक पहिली बोलली, "किंमत!" सगळे हसले. मला पण लाज वाटली पण खरं म्हणजे मला तरी कुठं माहीत होतं. तो ड्युईचा वर्ग क्रमांक. मेलव्हिल ड्युई नावाच्या अमेरिकन माणसाने १८७६ मध्ये ही पद्धत छापली, सगळ्या ज्ञानाचे दहा वर्ग, ००० ते ९००. ८०० म्हणजे साहित्य, त्यात आत शिरत शिरत ८९१.४६ म्हणजे मराठी. ५०० म्हणजे विज्ञान, ९५४ भारताचा इतिहास, ६२८.१ पाणीपुरवठा. मॅडम म्हणाल्या हा पुस्तकाचा पत्ता आहे, आडनाव नाव गल्ली घर नंबर, पत्ता कळला की शेजारी पण कळतात. म्हणजे तुम्ही एका पुस्तकासाठी जाता आणि त्याच्या डाव्या-उजव्या हाताला त्याच विषयाची अजून चार असतात, जी तुम्हाला नावानं माहीतच नव्हती. (शेजारी कळायला कपाट उघडं पाहिजे, पण असो.)

मग त्यांनी मुलांना सात-आठ जणांच्या टोळ्यांत पाडलं, प्रत्येक टोळीला एक चिठ्ठी, चिठ्ठीवर फक्त नंबर, आणि कुलपं काढली. दहा मिनिटं नुसता दंगा. पण त्या दहा मिनिटांत जेवढी पुस्तकं हाताळली गेली तेवढी वर्षभरात गेली नसतील. एक पोरगा ५९८ शोधत होता, पक्षी निघाले, तो तिथंच फरशीवर फतकल मारून बसला आणि उठेचना. शेवटी त्याच्या टोळीने त्याला ओढत नेलं.

मग आला संदर्भ विभाग. विभाग म्हणजे एक कपाट. त्यात मराठी विश्वकोशाचे खंड, भारतीय संस्कृतिकोशाचे खंड, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन अ‍ॅटलास, आणि का कोण जाणे, टेलिफोन डिरेक्टरी. संदर्भग्रंथ घरी मिळत नाहीत, तिथंच बसून बघायचे, हे मुलांना पहिल्यांदा कळलं. विश्वकोशाबद्दल सांगताना मॅडमचा चेहरा फुलला, कारण ते आपल्या शेजारचंच की, वाईचं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पहिले प्रमुख संपादक, पहिला खंड १९७६ ला आला, एकूण वीस खंड. पहिल्या खंडाच्या पाठीवर 'अंक ते आतुरचिकित्सा' असं असतं, त्यावर पोरं खुदुखुदू हसली, आतुरचिकित्सा म्हणजे काय मॅडम, तर मॅडम म्हणाल्या उघडा आणि बघा, म्हणून तर ठेवलाय. दोन मुली खरंच बघायला गेल्या.

हे सगळं आता नेटवर फुकट आहे, विश्वकोशाच्या साइटवर नोंद शोधता येते. पण मॅडमनी कागदावरचं दाखवायचं कारण वेगळं होतं. त्यांनी एक नोंद काढून शेवटच्या ओळी दाखवल्या. खाली लिहिणाऱ्याचं आडनाव, आणि तिथंच 'संदर्भ', म्हणजे त्याने हे कुठून घेतलं. मग म्हणाल्या, आता तुमच्या मोबाईलमधल्या माहितीखाली असं आडनाव दाखवा मला.

शांतता.

इथं माझी लेक परत सापडली. बारा मोटेची विहीर म्हणल्यावर मॅडमनी तिचीच पानं मागितली. पानात लिहिलेलं, विहीर ११० फूट खोल, ५० फूट व्यास. मॅडम म्हणाल्या कुणी मोजली? लेक म्हणाली सगळीकडे हेच लिहिलंय, मी सात साइट बघितल्या. मॅडमनी त्या एकमेव चालू कम्प्युटरवर (नेट आलं, देव पावला) त्यातल्या तीन साइट शेजारीशेजारी उघडल्या. शब्दन्शब्द सारखा. 'शिवलिंगाच्या आकाराची' पासून पूर्णविरामापर्यंत सारखा. एकीत टायपिंगची चूक होती, दुसरीत तीच चूक. मॅडम एवढंच म्हणाल्या, "हे सात साक्षीदार नाहीत बाळा, हा एकच साक्षीदार आहे आणि बाकीच्या सहांनी त्याची वही बघून लिहिलंय." बासष्ट पोरांना हे तत्काळ कळलं, कारण वही बघून लिहिणं ह्या विषयात सगळेच तज्ज्ञ.

मला वाटतं त्या दिवसाची सगळी फी इथं वसूल झाली. (फी नव्हती, पण कळलं ना.)

मग कुठली गोष्ट धरायची? मॅडमचं म्हणणं, विहिरीवर शिलालेख आहे त्यापासून सुरू कर. त्यात शके १६४१ ते १६४६ असं येतं, त्यात ७८ मिळवले की इसवी सन १७१९ ते १७२४, म्हणजे थोरल्या शाहू महाराजांचा काळ, आणि बांधून घेणारी बाई म्हणजे वीरूबाई भोसले. आता नेटवर कुठं तिला महाराजांची राणी म्हणलंय, कुठं काही वेगळंच. मॅडम म्हणाल्या दोन्ही लिही आणि कुणी काय म्हणलंय ते पण लिही, तुला निकाल द्यायला कुणी बसवलेलं नाही. नववीतल्या पोरीला हे ऐकून केवढं हलकं वाटलं असेल. आम्हाला आयुष्यभर एकच उत्तर बरोबर असतं असं शिकवलं.

एआयचा विषय पण निघाला, निघणारच. मागच्या बाकावरच्या एका मुलाने एका चॅटबॉटकडून प्रकल्प लिहून घेतलेला, खाली संदर्भ पण छान दिलेले, पुस्तकाचं नाव, लेखक, पान नंबर. मॅडमनी त्याला झापलं नाही. म्हणाल्या मस्त, आता हे पुस्तक शोधू. आपल्या रजिस्टरमध्ये नाही. चला, नॅशनल डिजिटल लायब्ररीत बघू, ही आयआयटी खरगपूरने उभी केलेली सरकारी, फुकट, नाव नोंदवलं की झालं. तिथं नाही. गूगल बुक्सवर नाही. असलं पुस्तक कुठंच नाही, पान नंबर मात्र आहे. पोरगा स्वतःच हसायला लागला. मॅडम म्हणाल्या यंत्राला प्रश्न विचारायला माझी ना नाही, पण त्याने दिलेलं पुस्तक हातात येईपर्यंत ते पुस्तक नाही. मी हे वाक्य फोनमध्ये टाइप करून ठेवलंय.

विकिपीडियाबद्दल पण मला वाटलं होतं आता 'वापरू नका' म्हणतील, सगळे शिक्षक म्हणतात आणि घरी जाऊन स्वतः तेच उघडतात. ह्या म्हणाल्या वापरा, पण खालून वर वाचा. म्हणजे आधी तळाचे संदर्भ, त्यातलं एखादं उघडा, मग वरचा लेख. तळाला काही नसेल तर तो लेख गप्पा समजा.

घंटा झाली तेव्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ, राहिलं होतं. मला वाईट वाटलं, कारण आमच्यासारख्या गावाकडच्या विषयांना खरी भर तिथेच आहे. बाकीची मुलं गेली, आम्ही दोघी थांबलो, मॅडमनी घरी जायचा वेळ सोडून आम्हाला दाखवलं, त्यांचे आभार. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्याच्या प्रत्येक जिल्ह्याचं गॅझेटियर निघालं, साताऱ्याचं १८८५ चं, एकोणिसावा खंड. शेतीच्या प्रकरणात विहिरी, मोटा, पाटपाणी सगळं, आणि शेवटच्या प्रकरणात गावं अक्षरांच्या क्रमाने. इंग्रजी आहे आणि जुनं इंग्रजी आहे, लेकीला जड गेलं, मला पण. पण एक युक्ती कळली, जुन्या पुस्तकांत गावांची नावं जुन्याच स्पेलिंगने शोधायची, पुणे टाइप करून काही सापडत नाही, तिथं ते पूना असतं आणि सोलापूर शोलापूर असतं. स्कॅन केलेली पीडीएफ नेटवर आहे. आणि त्यामानाने अलीकडची माहिती पाहिजे तर २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका, त्यात गाववार पिण्याच्या पाण्याची सोय काय ते दिलेलं असतं. हे मला चाळिशीत कळतंय. मी बी.कॉम. आहे.

घरी आल्यावरची गोष्ट सांगायलाच पाहिजे. मॅडमनी एक झेरॉक्स दिली होती, एकच पान, त्यावर चार रकाने : काय कळलं, कुठून कळलं, कुणी लिहिलं किंवा सांगितलं, कधी. बस एवढंच. त्यात शेवटची सूचना होती, घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर तेही संदर्भसाधन आहे. आमचे सासरे, घरात आबा म्हणतात सगळे, ह्यांनी लहानपणी मोट हाकलेली आहे. लेक वही घेऊन त्यांच्यापुढे बसली. आबा एरवी टीव्हीसमोरून हलत नाहीत, त्या दिवशी टीव्ही बंद करून दीड तास बोलले. मोट कातड्याची, जाड दोर तो नाडा, बैल ज्या उतारावरून खाली जातात ती धाव, आणि पाणी वर येऊन जिथं धबकन पडतं ते थारोळं.

थारोळं म्हणल्यावर लेकीने चमकून बघितलं. "आबा, रक्ताच्या थारोळ्यात असतं ते?" तिने तो शब्द फक्त पेपरात वाचलेला. आबा म्हणाले आधी पाण्याचं गं, रक्ताचं तुमच्या पेपरवाल्यांनी केलं. पोरीचा विश्वास बसेना, म्हणजे आता ही आजोबांना पण पुरावा मागायला लागली! मग आम्ही शब्दकोश उघडला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, आणि दाते-कर्वे, दोन्ही शिकागो युनिव्हर्सिटीच्या साइटवर फुकट बघायला मिळतात, हे पण मॅडमनीच लिहून दिलेलं. मराठी शब्दाचा अर्थ साताऱ्यात बसून शिकागोच्या साइटवर बघायचा, म्हणजे गंमतच. आबांचं बरोबर निघालं. आबा दोन दिवस ताठ मानेने फिरत होते. रकान्यात तिने लिहिलं, 'कुणी सांगितलं : आबा, वय ७८, स्वतः मोट हाकली आहे'. मला ते वाचून उगीचच भरून आलं.

आता तक्रारी अजून दोन, मग थांबते. एक, देवघेवीचा नियम. एका मुलाला एक पुस्तक, आठ दिवस, आणि बदलायचा वार वर्गाला एकच. त्या वारी सुट्टी आली की पंधरा दिवस. प्रकल्पाला एका पुस्तकाने काय होतं? निदान नववी-दहावीला दोन पुस्तकं द्या. दुसरं, सगळी यादी दाखल रजिस्टरमध्ये हातानं, म्हणजे पुस्तक आहे का हे फक्त मॅडमच्या डोक्याला विचारायचं. त्यांचं डोकं जबरदस्त आहे, विचारल्यावर कपाट, कप्पा, कव्हरचा रंग सांगतात, पण त्या रिटायर झाल्यावर काय? कोहा म्हणून लायब्ररीसाठीचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, कितीतरी लायब्ऱ्या वापरतात, सुट्टीत दहावी झालेली पोरं बसवली तरी एन्ट्री होऊन जाईल. मी पालकसभेत हे बोलले तर उत्तर आलं, बघू. 'बघू' चा अर्थ कुठल्याही कोशात बघायची गरज नाही.

स्टार द्यायचे तर मॅडमना पाच, कपाटांना दोन, वेळेला एक, आणि त्या कम्प्युटरला, जो एक चालतो त्याला, तीन, कारण ऐन वेळी त्याने लाज राखली. ज्यांची मुलं आठवी-नववीत आहेत त्यांनी आपल्या शाळेत असा तास होतो का ते विचारा, होत असेल तर स्वतः जाऊन बसा, पुढच्या बाकावर. आणि शाळांना विनंती, एक पिरियड नाही, निदान तीन द्या, अर्धा अर्धा वर्ग करून द्या, गॅझेटियर मधल्या सुट्टीत उरकायची गोष्ट नाही.

प्रकल्प अजून पूर्ण नाही. ती चार कॉपी-पेस्ट पानं तिने स्वतःच फाडली, आता दीडच पान झालंय पण प्रत्येक ओळीपुढे रकाना भरलेला आहे. ११० फुटांपुढे लिहिलंय, 'सात साइटवर आहे, मोजणारा सापडला नाही'. एक रकाना मात्र कोरा आहे. नाव बारा मोटेची म्हणजे थारोळी पण बाराच का, हे तिने आबांना विचारलं, तर आबा म्हणाले मला काय माहीत, मी काय लिंबची मोट हाकली नाही, जाऊन मोज. नेटवर कुठं बारा, कुठं पंधरा. रविवारी पाऊस नसला तर आबांना घेऊन आम्ही तिघं लिंबला चाललोय. विहिरीच्या कडेला तिचा हात मी धरणार, मोजायचं ती.